रांजणावरची फुली

१२ जानेवारी, रविवार

काल रेवतीच्या म्युझियमच्या तळघरात. लेकीनं प्रथमच आत नेलं. एरवी आम्ही तिकीट काढून वरचे पुतळे बघून घरी येणारे. सु.नं गाडी चालवली, पार्किंग शोधलं, आत आल्यावर हीटरजवळची जागा पटकावली आणि विचारलं, "हे सगळं ओरिजिनल आहे?" तीस वर्षं संसार केलाय, तरी ह्या माणसाचे प्रश्न मला अजून नवे वाटतात.

रॅकवर इजिप्तचे रांजण. द्राक्षासवाचे. दोन कान, मोठं पोट, बुडाशी निमुळते, स्वतःच्या पायावर उभे राहू न शकणारे. (सु.कडे न बघता हे टिपलं.) खाली फोमची कडी. म्हटलं, ह्याला चुंबळ म्हणतात. रेवतीनं शब्द तोंडात घोळवून पाहिला. "चुंबळ. नाइस. आम्ही नुसतं रिंग म्हणतो."

काहींच्या खांद्यावर काळ्या शाईच्या ओळी: राजाचं कितवं वर्ष, मळा कोणाचा, मुख्य माळी कोण. ते वाचता येतं. पण काहींवर नुसत्याच ओरखडलेल्या खुणा. फुली, काटकोन, त्रिशूळासारखं काहीतरी. त्या कुंभाराच्या, की मालकाच्या, की भरून नेणाऱ्याच्या, कोणालाच उलगडलेलं नाही. रेवतीचं सगळं काम ह्याच खुणांवर. ओल्या मातीत काढली तर रेघेच्या कडा उचललेल्या राहतात, भाजल्यावर काढली तर टवके उडतात. टॉर्च तिरका धरून दाखवत होती. तिच्या लहानपणी दात किडलाय का बघायला मी असाच धरायचे.

एकावर ठसठशीत फुली. म्हटलं, "हा तर जणू ब्राह्मीतला क." ब्राह्मीत क म्हणजे नुसतं अधिक चिन्ह.

"अँड क मीन्स?"

"संस्कृतात कः म्हणजे कोण."

"आई, दॅट इज लिटरली माय रिसर्च क्वेश्चन." खूप हसली. सु.नं तेवढ्यात तिचा रांजणासकट फोटो काढला. छान आलाय.

रेवतीची नेमणूक दोन वर्षांची, जूनमध्ये संपते. कायम करायचं का ते कमिटी मार्चमध्ये ठरवणार. ह्या विषयाच्या नोकऱ्या आख्ख्या अमेरिकेत किती, तर रेवती म्हणते एका व्हॅनमध्ये सगळे बसतील. ती ह्यावर बोलत नाही. मीही नाही. परतीच्या वाटेवर सु. बोलला, ईडन प्रेरीतलं घर येईपर्यंत.

१४ जाने., मंगळ

संक्रांत. बाहेर पापण्या गोठतील अशी थंडी. इंडियन स्टोअरमध्ये तिळगूळ आहे, सुगडं नाहीत. कुंड्यांच्या दुकानातून मातीची छोटी बोळकी आणली, खाली भोक होतं ते कणकेनं बुजवलं. हळदीकुंकवाची बोटं ओढत होते तर रेवती शेजारी येऊन उभी. "व्हाय फाइव्ह?"

"आई पाच ओढायची."

"आजीला माहीत होतं का, का?"

"तिची आई ओढायची."

तिनं ते फोनमध्ये लिहून घेतलं. म्हणाली, "यू आर अ प्रायमरी सोर्स." पन्नाशी उलटल्यावर बाईला असली स्तुती कुठे मिळते.

१६ जाने., गुरु

मराठी पेपरच्या रविवार पुरवणीला माझा लेख गेला. संपादकांना नेहमीप्रमाणे कालच हवा होता. रांजणांवरच लिहिलं, एका बैठकीत, फार दिवसांनी असं झालं. शेवट मला आवडलाय: ही फुली म्हणजे जणू ब्राह्मीतला क, इजिप्तचा कुंभार तेव्हापासून विचारतोय, कः? आणि उत्तर अर्थातच पुण्यात कोणाला तरी आधीपासून माहीत असणार.

सु.चा फोटो जोडला. खाली रेवतीचं नाव, म्युझियमचं नाव. तिला रविवारी सांगेन, सध्या ती कामात.

२६ जाने., रवि

छापून आला. एक शब्द कापला नाही, आश्चर्य. फोटो चार कॉलमी. रेवतीला अजून सांगायचं राहिलंय. सु. म्हणाला सरप्राइज देऊ.

३० जाने., गुरु

सकाळी मंडळाच्या ग्रुपवर भिडेकाकांचा फॉरवर्ड. काका म्हणजे सु.च्या मित्राचे वडील, मुलाकडे अल्फारेटाला असतात, रोज सकाळी साऱ्या अमेरिकेतल्या मराठी माणसांना जागं करतात. खाली तिरंगा, वर रेवतीचा फोटो, आणि:

अभिमानास्पद! इजिप्तच्या राजाच्या रांजणावर ब्राह्मी 'क'. मराठी कन्येचा अमेरिकेत शोध. पाश्चात्त्यांनी दडवलेलं सत्य उजेडात. पुण्यात हे आधीपासून माहीत होतं.

ब्राह्मीचं आणि पुण्याचं वाक्य माझंच. फक्त 'जणू' नाही. 'कोणाला तरी' नाही. 'असणार' नाही.

उत्प्रेक्षा शिकवताना बाई सांगायच्या, जणू, वाटे, भासे हे शब्द म्हणजे अलंकाराचे टेकू. काढा आणि बघा काय होतं. आम्ही परीक्षेपुरतं काढून बघायचो. उपमेय उपमान होऊन बसायचं, आम्हाला गुण मिळायचे. आज टेकू काढलाय आणि खाली माझी मुलगी उभी आहे.

दुपारपर्यंत तोच फॉरवर्ड बेलव्ह्यूच्या मावसबहिणीकडून, नागपूरच्या दिरांकडून, आणि ज्यांच्याशी सात वर्षं अबोला आहे त्या शेजारणीकडून आला. तिनं खाली हात जोडलेत.

३१ जाने., शुक्र

भिडेकाकांना फोन.

"काका, त्यातला जणू गळलाय."

"कोण गळलंय?"

"जणू. शब्द आहे तो."

"अगं मेघना, फॉरवर्ड सुटसुटीत लागतो. लांबण लागली की वाचतंय कोण? मी फक्त फाफटपसारा काढला."

"तुम्ही काढलात?"

"मी आणि सूनबाई. झेंडा तिनं टाकला."

"पण काका, तो रांजण सगळ्यात जुन्या ब्राह्मी लेखांपेक्षा हजारेक वर्षांनी जुना आहे."

"बघ. म्हणजे ब्राह्मी आपण समजतो त्याहून हजार वर्षं जुनी निघाली."

न्यायशास्त्रात ह्या दोषाला नाव आहे. संतापात आठवेना.

"रेवतीनं असं काहीही म्हटलेलं नाही, काका."

"तिला कसं म्हणता येईल? नोकरी आहे पोरीची. आम्हाला कळतं ते. तू अजिबात काळजी करू नकोस, आम्ही सगळे तिच्या पाठीशी आहोत."

ग्रुपवर खुलासा टाकला: हा विनोद होता. उत्तरं: "ताई, किती तो विनय." "म्हणूनच तुम्ही मोठ्या." एक नुसताच नारळ.

२ फेब्रु., रवि

रेवती न कळवता आली. कोट न काढता टेबलाशी बसली.

"आई, हू इज मराठी कन्या?"

तिच्या ऑफिसच्या मेलवर ढीग लागलाय. निम्मे अभिनंदनाचे, निम्मे धमकावणारे: सत्य का दडवता. एकानं रांजण भारताला परत करायची मागणी केलीय.

म्हणाली, तुझं आर्टिकल वाचून दाखव. तिला देवनागरी वाचता येतं, रस्त्यावरची पाटी वाचावी तसं. मी वाचत गेले, इंग्रजीत सांगत गेले. स्वतःचा विनोद एकेका वाक्याला थांबून समजावून सांगायचा, ही शिक्षा कुठल्या स्मृतीत सांगितलेली नाही.

"सो इट वॉज अ जोक."

"तसा जोक नाही. उत्प्रेक्षा."

"आई."

"हो. जोक."

मग फोटो. ती खूण अजून कुठे प्रसिद्ध झालेली नाही, तळघरातला फोटो बाहेर जायला नको होता. घरच्यांना वेगळं काय सांगायचं, असं तिला वाटलं होतं. "यू डिडन्ट आस्क मी."

"रविवारी सांगणार होते."

"विच संडे?"

सु. बटाटे सोलत होता. सोलतच राहिला. तिघांना पुरून उरतील इतके बटाटे. ती जेवली नाही. डबा दिला तो दाराशी ठेवून गेली.

६ फेब्रु., गुरु

तिच्या डायरेक्टर, एलेन, भल्या बाई आहेत. पुरवणीतला मूळ लेख मागवला आणि मशीनकडून इंग्रजी करून घेतला. मी म्हटलं मी देते भाषांतर. रेवती म्हणाली, "तू देऊ शकत नाहीस, तू पार्टी आहेस."

मशीनचं भाषांतर रेवतीनं पाठवलं. दोनदा वाचलं. चूक काढायचीच म्हणून वाचलं, आणि काही चूक नाही, हीच अडचण. जणू आहे. असणार आहे. सगळं जागच्या जागी आहे आणि कुठेही हसू येत नाही. पुण्याच्या लोकांना उत्तर आधीच ठाऊक असणार, असं एक बाई गंभीरपणे कळवतायत, आणि शेजारी त्यांची मुलगी म्युझियमचा रांजण धरून हसतेय.

एलेननी रेवतीला विचारलं, तुझी आई हे मानते का?

रेवती काय म्हणाली ते तिनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

९ फेब्रु., रवि

पुरवणीत खुलासा. संपादक म्हणाले होते, "ताई, लहान ठेवू, मोठा केला की लोकांना संशय येतो." लहान ठेवला. लोकांना संशय आला. संध्याकाळी फॉरवर्ड नंबर दोन: दबावापुढे माघार. ह्यात माझा फोटो, पाच वर्षांपूर्वीचा, सु.च्या भाचीच्या लग्नातला. नथ घातलेली मी दबावाखाली.

सु. म्हणतो, आता गप्प बसू, आपोआप विरेल. मी म्हटलं, गप्प बसले तर मान्य केलं म्हणतील. तो म्हणाला, "बोललीस तेव्हा काय म्हणाले?" तीस वर्षांत पहिल्यांदाच वादात जिंकला आणि खूश दिसला नाही.

१५ फेब्रु., शनि

मंडळाच्या अध्यक्षांचा फोन. मार्चच्या कार्यक्रमात रेवतीचा सत्कार करायचा घाट. शाल, श्रीफळ.

"मेघनाताई, नारळ अख्खा मिळालाय, शेंडीसकट. इकडे किती अवघड आहे तुम्हाला माहितीये."

म्हटलं, तिनं तो शोध लावलेला नाही.

"तसं बघायला गेलं तर कोणी काय लावलेलं असतं? मुलांचं कौतुक व्हायला हवं हो. आमचा तर गेमिंगमध्येच असतो."

त्यात वाईट हेतू औषधालाही नाही. कोणाच्याच मनात नाही. रागवायला माणूस शोधतेय, मिळत नाही. प्रत्येक जण माझ्या मुलीवर प्रेम करतोय.

२० फेब्रु., गुरु

रेवतीचा फोन, स्वतःहून, बऱ्याच दिवसांनी. आवाज अगदी सपाट.

कैरोची नादिया, जिच्याबरोबर ती तीन वर्षं खुणांची जुळणी करतेय, तिच्यापर्यंत पोचलं. कोणीतरी तिच्या भाचीला पाठवलं, इंग्रजीत. नादियानं एकच ओळ लिहिली: आमच्या मडक्यांवर आमच्याच लोकांचा हात आहे, हे मानायला जगाला इतकं जड का जातं? आणि आता तुम्हालासुद्धा?

"तुम्हालासुद्धा, आई. यू अँड मी. तिच्या दृष्टीनं आपण आता त्या लोकांत."

कुंभाराला नाव नसतं ह्यावर मी लेखात दोन हळवे परिच्छेद लिहिलेत. मग शेवटी त्याच्या हातातून मडकं काढून घेतलं, विनोदापुरतं. विनोदापुरतंच, पण काढून घेतलं खरं.

"मी तिला लिहू का?"

"नो. प्लीज डोन्ट राइट."

मग तीच पुढे बोलत राहिली, कामाचं, सवयीनं. तो रांजण पुन्हा भिंगाखाली घेतला. फुलीच्या कडांचे टवके उडालेत, म्हणजे भाजल्यानंतरची. रेघेच्या आत मातीचा थरही नाही, बाकी अंगावर सगळीकडे आहे. म्हणजे ती खूण मुळात जुनीच नसेलही. शेदीडशे वर्षांपूर्वी बोटीवर चढवताना कोण्या हमालानं केली असेल. हा चढला, पुढचा आणा, एवढ्याच अर्थाची. "मे बी. आय कान्ट प्रूव्ह इट."

"मग सांगून टाक की असं."

"आत्ता? आत्ता सांगितलं तर मी माघार घेतली म्हणतील. आणि नादियाला वाटेल, मी माझी कातडी वाचवतेय."

खरं आहे. मुलीला खरं बोलायलासुद्धा जागा ठेवली नाही मी.

२ मार्च, रवि

म्युझियमनं निवेदन काढलं, इंग्रजीत, नेटकं, कोणाचंही नाव न घेता. रेवती म्हणते, नाव न घेणं हे चांगलं की वाईट तिला कळत नाही. कमिटी येत्या आठवड्यानंतरच्या गुरुवारी.

भिडेकाकांना लिंक पाठवली. उत्तर आलं: वाचलं. इंग्रजी आहे. लिहून घेतलेलं दिसतंय. पोरीला धीर दे.

काल भाजी आणायला गेले तर गाडीतच बसून राहिले. काय करता येईल त्याचा विचार करत होते. जे जे सुचलं ते सगळं लिहिण्याचंच. मला दुसरं काही येत नाही.

५ मार्च, बुध

एलेनना भेटायला जाते म्हटलं. रेवती: "आई, आय अॅम ट्वेंटी-नाइन."

९ मार्च, रवि

दुपारी रेवती आली. बर्फ वितळतोय, ड्राइव्हवेवर नुसता चिखल, तिचे बूट सु.नं पुसून ठेवले. हल्ली तो असली कामं करतो.

म्हणाली, मराठीत काहीतरी गेलं पाहिजे. इंग्रजी ते मानत नाहीत, तुला ते मानत नाहीत. नादियाला लिहिलंय, तिचं उत्तर नाही. निदान जिथून निघालं तिथे तरी थांबवून बघते. गुरुवारच्या आत.

मी म्हटलं, मी मसुदा करून ठेवलाय. होताच, बुधवारपासून. वाचून दाखवला. तिनं सगळा ऐकला.

"आई, तू परत जोक करते आहेस."

"कुठे?"

"एव्हरीव्हेअर."

बघितलं. पहिल्याच वाक्यात 'ह्या कुंभाराच्या वंशजांची जाहीर माफी मागून' आहे, आणि ते मला गंभीर वाटलं होतं. तिसऱ्यात एक उपमा. शेवटी कंसात काहीतरी. काढत गेले तर उरेना काही.

"मी लिहिते," म्हणाली.

टेबलाशी बसली, फोनवर. कीबोर्डवर अक्षरं शोधत. मी समोर. सु. चहा करतो म्हणून उठला आणि आत जाऊन नुसताच उभा राहिला. ती मध्येच विचारायची, खूण तो की ती? मी सांगायला तोंड उघडलं तर म्हणाली, "नो, डोन्ट. माझं माझं असू दे. नाहीतर म्हणतील तूच लिहिलंस."

लिहून झाल्यावर फोन माझ्यासमोर धरला. हातात दिला नाही.

"हा खूण अक्षर नाही आहे. हा रांजण इजिप्तच्या लोकांनी बनवला. मी दुसरा काही बोलली नाही. माझी आई वीनोद करत होती. प्लीज हे पुढे पाठवा. रेवती."

चार दुरुस्त्या. तशा पाचही निघतील. नुसता पहिला 'हा' जरी 'ही' केला असता. आणि वीनोद. तेवढी एक वेलांटी. हात टेबलाखाली घेतले.

"इज इट करेक्ट?"

"हो," म्हटलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं असावं. मग तिनं ते भिडेकाकांना पाठवलं.

सु.नं चहा आणला, तीन कप, साखर कोणाच्यातच नाही. फोन मध्ये ठेवला होता. थोड्या वेळानं उजळला. भिडेकाका. रेवतीनं वाचायचा प्रयत्न केला, मग माझ्याकडे सरकवला.

"बेटा, मराठी किती गोड लिहितेस. सगळीकडे पाठवतो."

"व्हॉट डझ ही मीन? पाठवतो म्हणजे हेच पाठवणार, ना?"

म्हटलं, हेच पाठवतील. जसंच्या तसं पाठवतील का, ते मात्र उद्या सकाळी ग्रुपवरच कळेल.